‘मृच्छकटिक’मधला भिक्खू आणि वधस्थानाकडे जाणारे दोन चांडाळ

आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी तरुणांचा अभ्यासवर्ग भरतो. तिथे मी ‘मृच्छकटिक’ वाचायला काढलं तेव्हा एका पोराने सरळ विचारलं, “ताई, हे त्यांचं नाटक. आपण कशाला वाचायचं?” प्रश्न रास्त होता. मी एवढंच म्हटलं, बाबासाहेबांनी वाचलं होतं म्हणून.

१९४८ साली आलेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात बाबासाहेबांनी अस्पृश्यतेच्या मुळाशी बौद्धांविषयीचा तिरस्कार आहे, अशी मांडणी केली. त्यासाठी त्यांनी जे पुरावे दिले, त्यांत शूद्रकाचं हे नाटकही आहे. म्हणजे रसिक ज्या नाटकाकडे चारुदत्त आणि वसंतसेनेची प्रेमकथा म्हणून बघतात, ते बाबासाहेबांनी सामाजिक दस्तऐवज म्हणून वाचलं. आपणही ते तसंच वाचून पाहू.

नाटक दहा अंकी आहे आणि उज्जयिनीत घडतं. चारुदत्त ब्राह्मण, पण सार्थवाह म्हणजे व्यापारी; दानधर्मात सगळं घालवून कंगाल झालेला. वसंतसेना नगरातली श्रीमंत गणिका. राजा पालकाचा मेहुणा शकार तिच्या मागे लागलेला. मूर्ख, उद्धट, ‘स’चा ‘श’ करून बोलणारा, आणि सत्ता पाठीशी असल्याने धोकादायक. असे मेहुणे आजही प्रत्येक तालुक्यात सापडतात, त्यामुळे हे पात्र आमच्या पोरांना समजावून सांगावं लागलं नाही.

आता आपला माणूस. दुसऱ्या अंकात संवाहक येतो, अंग रगडून पोट भरणारा. मूळचा पाटलीपुत्राचा, पूर्वी चारुदत्ताच्या पदरी होता. जुगारात दहा सुवर्ण हरलाय आणि मार चुकवत पळतोय. देव नसलेल्या एका रिकाम्या देवळात तो स्वतःच मूर्ती बनून उभा राहतो! शेवटी वसंतसेनेच्या घरात शिरतो, ती आपलं कडं देऊन त्याचं कर्ज फेडते. तिथून तो शाक्यश्रमण, म्हणजे बौद्ध भिक्खू व्हायला निघतो. मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की हरलेल्या, कर्जबाजारी, अंगमेहनतीच्या माणसाला संघात जागा होती, आणि नाटककाराला त्यात काही नवल वाटत नाही.

पण समाज त्याच्याकडे कसा बघतो? सातव्या अंकाच्या शेवटी चारुदत्ताला समोरून भिक्खू येताना दिसतो. हा उदार, सज्जन नायक त्याला अपशकुन मानतो आणि आपली वाट बदलतो. आठव्या अंकात भिक्खू चीवर धुवायला उद्यानातल्या तळ्यावर येतो, तर शकार त्याला मारहाण करतो. बाबासाहेबांनी बोट ठेवलं ते इथे. शकारासारखा दुष्ट मारतो हे एक वेळ समजतं. चारुदत्ताची बाजूला होण्याची सवय जास्त बोलकी आहे, कारण तिच्यात राग नाही, नुसता संस्कार आहे.

आपल्या वाचनात मात्र पुढचे अंकही यायला हवेत.

त्याच उद्यानात शकार वसंतसेनेला ठार मारायचा हुकूम आपला गाडीवान स्थावरक याला देतो. स्थावरक जन्माने दास आहे. तो म्हणतो की माझ्या देहावर मालकाचा हक्क आहे, पण माझ्या शीलावर नाही, आणि मार खाऊनही नकार देतो. (आपल्या दास्याचं कारण मात्र तो नशिबात आणि पूर्वकर्मात शोधतो. ही गाठ बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये सोडवली.) शेवटी शकार स्वतःच तिचा गळा दाबतो, वर पालापाचोळा टाकतो आणि खुनाचा आळ चारुदत्तावर घेतो. भिक्खू परत येतो, त्याला पानांतून हात दिसतो. तो ओल्या चीवराचं पाणी पिळून तिला शुद्धीवर आणतो. स्त्रीला स्पर्श करायचा नाही हा विनय पाळून तो वेल वाकवतो, ती धरून ती उठते, आणि तो तिला विहारातल्या धम्मभगिनीकडे नेतो. जो अपशकुन होता त्याच्यामुळे पुढे चारुदत्ताचाही जीव वाचतो.

दहावा अंक मला सगळ्यात जास्त भिडतो. चारुदत्ताला वधस्थानाकडे नेणारे दोन चांडाळ उगाच वेळ काढतात. आज पाळी कुणाची यावर घोळ घालतात. एकाला मरताना बापाने सांगितलेलं असतं: मारायची घाई करू नकोस. कदाचित कुणी पैसे देऊन सोडवेल, राजाला मुलगा होईल, हत्ती सुटेल, राज्यच बदलेल. पिढ्यान्‌पिढ्या लादलेल्या कामातून साठलेलं हे शहाणपण आहे. आणि ते स्पष्ट म्हणतात की आम्ही चांडाळकुळात जन्मलो, पण खरे चांडाळ ते जे सज्जनाला छळतात. ‘सुत्तनिपाता’तलं वसलसुत्त ज्यांनी वाचलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथे बुद्ध अग्गिक भारद्वाजाला सांगतात की माणूस जन्माने नव्हे, कृतीने वृषल ठरतो.

राज्य खरंच बदलतं. गवळ्याचा मुलगा आर्यक राजा होतो, वसंतसेना वेळेवर पोहोचते, आणि बक्षिसं वाटली जातात. गणिकेला वधूचा मान मिळतो. स्थावरक दास्यातून मुक्त होतो. भिक्खूला राज्यातल्या सगळ्या विहारांचा कुलपती करतात. आणि दोघा चांडाळांना? सगळ्या चांडाळांचं प्रमुखपद.

वर्गात इथे मी थांबले. सकाळी ‘हे त्यांचं नाटक’ म्हणणारा पोरगा म्हणाला, “म्हणजे प्रमोशन दिलं, पण जात काढली नाही.”

यंदा १४ एप्रिलला आमची मुलं दहावा अंक मराठीत बसवणार आहेत. शकाराचं काम करायला चौघे पुढे आले. चांडाळाच्या भूमिकेसाठी अजून चर्चा चालू आहे.