पाहिलेले शिल्प, घडवणारे हात

कवठे महांकाळहून कोल्हापूरजवळच्या कणेरी मठाची सहल एका दिवसात होते. तेथील सिद्धगिरी संग्रहालयात जुना गावगाडा माणसाएवढ्या शिल्पांतून उघड्यावर मांडला आहे. शेतात राबणारे शेतकरी, कुंभार, लोहार, इतर बलुतेदार, सारे कामात गढलेले दिसतात. आपल्या घरातील ज्येष्ठांच्या हातांना पुन्हा काही घडवावेसे वाटण्यासाठी हे स्थळ उत्तम आहे.

विस्मरण सुरू झाले की सकाळचे जेवण आठवत नाही. तरुणपणीचे काम मात्र बरेचदा आठवते. म्हणून शिल्पापुढे ‘हे काय आहे, ओळखा’ अशी परीक्षा घेऊ नये. उत्तर चुकले की माणूस गप्प होतो. ‘तुमच्या गावी लोहाराचा भाता कोण ओढत असे?’ असे विचारावे आणि उत्तराला वेळ द्यावा.

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी शाडूची मऊ माती किंवा जाड खडू समोर ठेवावेत. बैल हुबेहूब व्हावा, हा आग्रह नसावा. बोटे आखडत असल्यास माती कोमट पाण्याने मळावी.

सहलीस सकाळी लवकर निघावे. काठी, पाणी, नेहमीच्या गोळ्या सोबत घ्याव्यात. मधुमेहाचे औषध चालू असल्यास साखर उतरली तर खाण्यासाठी काही गोडही असावे. मधूनमधून बसावे, सगळे पाहण्याचा हट्ट नको.

मात्र कला हा उपचाराला पर्याय नव्हे. विसराळूपणा वाढत असल्यास डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. थायरॉइडचा दोष किंवा बी १२ जीवनसत्त्वाची कमतरता, यांमुळेही तो उद्भवू शकतो आणि त्यांवर औषध आहे.