कटआऊट बदलण्यापूर्वी

जुन्या अँबॅसडरचा चार्जिंगचा लाल दिवा गाडी पळत असतानाही विझेनासा झाला, की पहिला संशय कटआऊटच्या रिलेवर जातो. बॉनेट उघडायचे, आतल्या काळ्या पेटीकडे बोट दाखवायचे, आणि नवी पेटी आणायला कोणाला तरी नागपूरच्या बसमध्ये बसवायचे. पांढुर्ण्याहून नागपूर शंभरएक किलोमीटर, सौंसरहून त्याहून जवळ. २०२३ साली हे दोन्ही तालुके छिंदवाड्यातून निघून त्यांचा वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला, तरी गाडीच्या सुट्या भागांसाठी इथल्या माणसाची पावले नागपूरकडेच वळतात. नवी पेटी बसते, दिवा विझतो, आणि काही महिन्यांनी पुन्हा पेटतो. असे होते, कारण रिले बदलणे हे दुरुस्तीतले शेवटचे काम आहे आणि आपण ते पहिले करतो. रिलेचे पॉइंट पुष्कळदा दुसरीकडच्या दोषाने जळतात. तो दोष तसाच ठेवला, तर नव्या रिलेचीही तीच गत होते.

रिले हा शब्द विजेच्या आधीचा, डाकेच्या वाटेवरचा. दमलेले घोडे चौकीवर सोडायचे, ताजे जुंपायचे आणि निरोप तसाच पुढे न्यायचा, ही ती सोय. १८३५ च्या सुमारास अमेरिकेत जोसेफ हेन्रीने विजेकडून हेच काम करून घेतले. लांबून आलेला अशक्त प्रवाह लोखंडाभोवतीच्या वेटोळ्यातून जातो, त्याला चुंबक बनवतो, चुंबक एक पट्टी ओढतो आणि पट्टीवरचे पॉइंट जुळून दुसऱ्या, ताज्या बॅटरीचा प्रवाह सुरू होतो. तारायंत्र त्यावर चालले, टेलिफोनची केंद्रे चालली, रेल्वेचे सिग्नल चालले. जून २०१५ मध्ये इटारसी जंक्शनच्या रिले केबिनला आग लागली आणि महिनाभराहून अधिक काळ शेकडो गाड्या रद्द झाल्या. पांढुर्णा त्याच नागपूर-इटारसी मार्गावरचे स्टेशन, त्यामुळे एवढ्याशा पट्टीवर किती मोठा कारभार टेकलेला असतो हे या गावाला वेगळे सांगायला नको.

मोटारीतला कटआऊट हा या कुळातला सर्वांत कष्टाळू रिले. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्यात १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत अँबॅसडर बनली, आणि तिच्या जुन्या मॉडेलांत अल्टरनेटर नव्हता, डायनामो होता. डायनामोची अडचण अशी की इंजिन मंद चालत असताना त्याचा दाब बॅटरीपेक्षा कमी पडतो. तेव्हा दोघे जोडलेले राहिले, तर बॅटरीच उलट डायनामोत रिकामी होऊ लागते. म्हणून मध्ये हा द्वारपाल ठेवला. लुकास कंपनीच्या पद्धतीच्या नेहमीच्या पेटीत डायनामोचा दाब १२.७ ते १३.३ व्होल्टपर्यंत चढला की कटआऊटचे पॉइंट जुळतात, आणि दाब ११ ते ८.५ व्होल्टच्या दरम्यान उतरला की सुटतात. त्याच पेटीत शेजारी दुसरे वेटोळे असते, ते रेग्युलेटरचे. डायनामोच्या फिल्डचा प्रवाह भराभर तोडून-जोडून ते दाब आवरते. आपण दोन्हींना मिळून ‘कटआऊट’ म्हणतो आणि इथेच पहिली गफलत होते. बिघाड एका वेटोळ्यात असतो आणि टाकून दिली जातात दोन्ही.

आता पॉइंट का जळतात ते पाहू. जोड घट्ट असेल तर त्याचा विरोध नगण्य असतो. त्यावर काजळी धरली आणि विरोध दशांश ओहमवर गेला, तर २० अँपिअरच्या प्रवाहात त्या एवढ्याशा ठिपक्यावर २ व्होल्ट वाया जातात आणि ४० वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंगच्या लहान कावियाइतकी ही आग बंद पेटीत कोंडलेली राहते. तिची कारणे बहुतेक पेटीबाहेर सापडतात. डायनामोचे कार्बन ब्रश झिजून थरथरतात, म्हणून पॉइंट सारखे उघडमीट करतात. इंजिनापासून सांगाड्याकडे जाणारी अर्थिंगची पट्टी गंजते, म्हणून रेग्युलेटरला खोटा दाब दिसतो. बॅटरीचा एखादा सेल बसतो आणि ती अखंड भुकेली राहते. कोणीतरी मोठे हॉर्न आणि जादा दिवे लावतो आणि त्यांची तार चुकीच्या स्क्रूला बांधतो. लुकासच्या पेटीवर ए आणि ए-वन असे दोन स्क्रू असतात. दिव्यांचा भार ए-वनवर घ्यायचा, म्हणजे तो मालिकेतल्या जाड वेटोळ्यातून जातो आणि रेग्युलेटरला भार वाढल्याचे कळते. भलत्याच ठिकाणी जोडला, तर कळत नाही. एका तारेची ही चूक पुढे डायनामो जाळण्यापर्यंत जाऊ शकते, आणि दोष मात्र कटआऊटच्या माथी बसतो.

हे तपासायला मोठे वर्कशॉप लागत नाही. मल्टिमीटर आणि तासभराचा धीर पुरतो. पेटीवरच्या डी आणि एफ या दोन तारा काढून एकमेकींना जोडायच्या, मीटरचे एक टोक तिथे आणि दुसरे सांगाड्याला लावायचे, आणि इंजिनाची गती हळूहळू वाढवायची. दाब सरळ चढत गेला, तर डायनामो धड आहे. २० व्होल्टच्या पुढे तो नेऊ नये. दाब चढलाच नाही, तर नवी पेटी आणून काही उपयोग नाही. ब्रश आणि कम्युटेटर पाहावेत. डायनामो ठीक निघाला, की बॅटरीच्या दोन्ही टोकांपासून सांगाड्यापर्यंत आणि पेटीपर्यंत प्रत्येक जोडावर किती व्होल्ट गळतो ते मोजावे. इतके केल्यावरच पेटीचे झाकण उघडावे, तेही बॅटरीची तार काढून. बॅटरी जोडलेली असताना कटआऊटची पट्टी बोटाने दाबणे धोक्याचे आहे. पॉइंट चिकटून राहिले, तर बॅटरीचा सारा प्रवाह डायनामोत घुसतो आणि वायरिंग पेटू शकते.

झाकणाखाली जे दिसते ते पुष्कळदा साफ करण्याजोगे असते. फक्त दोन्ही पॉइंट एकाच कागदाने घासायचे नाहीत. रेग्युलेटरचे पॉइंट कडक असतात, त्यांना बारीक कार्बोरंडमचा दगड चालतो. कटआऊटचे मऊ असतात. त्यांना बारीक काच-कागद लावावा, एमरी कधीच नाही. तिचे कण मऊ धातूत रुततात आणि तिथेच पुन्हा ठिणगी पडते. मग कापडाला स्पिरिट लावून पुसावे. आणखी एक बाब आपल्या उन्हाळ्याशी जोडलेली आहे. रेग्युलेटरच्या स्प्रिंगमागे दोन धातूंची पट्टी असते. हवा तापली की ती दाब आपोआप थोडा उतरवते. म्हणून रेग्युलेटर लावण्याचे आकडे तापमानाप्रमाणे दिलेले असतात. वैशाखातल्या दुपारी पारा ४५ च्या घरात असताना २० अंशांचा आकडा धरून स्क्रू फिरवला, तर बॅटरीला वर्षभर जादा चार्ज मिळतो, पाणी आटते आणि प्लेटा खराब होतात. हे काम सकाळी, गार इंजिनावर आणि झटपट उरकावे, कारण वेटोळे तापले की मोजमाप बदलते.

यावर एक आक्षेप सरळ येतो: रिलेची किंमत कमी, मजुरी जास्त, मग शोधत कशाला बसायचे? चार पिनांच्या साध्या रिलेपुरते ते मला मान्य आहे. हॉर्नचा तसा रिले उघडून घासत बसण्यात अर्थ नाही. पण तिथेही जळलेली पिन, सैल सॉकेट किंवा दुप्पट प्रवाह ओढणारा हॉर्न तपासल्याशिवाय नवा रिले खोचणे म्हणजे पैसे जाळणेच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जुन्या पेटीचा अट्टहास सोडून आत इलेक्ट्रॉनिक सर्किट का बसवू नये? रोज वापरातल्या गाडीत जरूर बसवावे. त्यात झिजणारे पॉइंट नसतात, उन्हाळा-हिवाळ्याने सेटिंग हलत नाही, आणि जुन्या पेटीच्या पोटात ते दिसतही नाही. मात्र धन-ऋण आधी पाहावे. अँबॅसडरची पूर्वज मॉरिस ऑक्सफर्ड आणि त्या काळच्या अनेक इंग्रजी गाड्या बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडत. चुंबकाच्या रिलेला त्याने फरक पडत नाही, पण डायोड असलेला भाग उलटा जोडला तर क्षणात जातो. सर्किटला डायनामोची मर्यादाही माहीत असायला हवी. लुकासच्या सी-४० डायनामोची ती २२ अँपिअर आहे. अर्थिंग सैल असेल, तर महागडे सर्किटही जुन्या पेटीसारखेच फसते.

तिसरा आक्षेप जुन्या वस्तूच्या प्रेमापोटी येतो: मूळ गाडीत नव्हता तो रिले घालणे म्हणजे तिचे रूप बिघडवणे. हा हेडलाइटच्या रिलेबद्दल बहुधा निघतो. जुन्या गाडीत दिव्यांचा सगळा प्रवाह डॅशबोर्डच्या स्विचमधून फिरून येतो. ६० वॅटचे दोन बल्ब म्हणजे १० अँपिअर, तेही अर्ध्या शतकाच्या तारेतून. दाब १० टक्के घटला, तर उजेड जवळजवळ ३० टक्के घटतो, आणि वळणावळणाच्या अंधाऱ्या रस्त्यावर ही तूट जिवावर बेतू शकते. रिले लावला, तर स्विचवर जेमतेम पाव अँपिअरचा भार उरतो. केंद्राने २०२१ मध्ये काढलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली, मूळ स्वरूपात जपलेली गाडी व्हिंटेज ठरते. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन बदलणे हा त्यात मोठा फेरफार मानला आहे. दोन स्क्रूंनी बसणारा, मूळ तार न कापता जोडलेला रिले त्यात येत नाही. जोडणी अशी हवी की पुढच्या मालकाला ती पाच मिनिटांत काढता येईल.

एवढे तपासूनही पेटी बदलायची वेळ येतेच. वेटोळ्याचा इनॅमल जळालेला असतो, कटआऊटचे पॉइंट वितळून एकजीव झालेले असतात, किंवा बॅकेलाइट तडकलेले असते. तेव्हा जुन्या पेटीवरचा नंबर वाचून त्याच जातीची पेटी घ्यावी, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या पेट्यांचे आतले आकडे वेगळे असतात. तार सोडवण्याआधी प्रत्येकीला चिकटपट्टीवर ए, ए-वन, डी, एफ, ई असे लिहून लावावे. डायनामो नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल, तर पेटी जोडण्याआधी बॅटरीच्या जिवंत टोकाचा क्षणभर स्पर्श एफ तारेला द्यावा, म्हणजे फिल्डचे चुंबकत्व योग्य दिशेला बसते. जुनी पेटी भंगारात घालू नये. तिचे स्क्रू, स्प्रिंग आणि झाकण पुढे कुठल्यातरी गाडीला लागतात, म्हणून ती कापडात गुंडाळून डिकीत ठेवावी आणि वर चिठ्ठी लावावी: कोणत्या तारखेला काढली, आणि कशाने जळली होती.