बस, एकच डाव!

दवनीवाड्याहून कॉलेजसाठी गोंदियाला निघालात, बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, की हात कुठे जातो? मोबाईलकडेच ना! ब्राउझर उघडायचा आणि '२०४८' सुरू. ॲप नको, लॉगिन नको. पान एकदा लोड झालं की वाटेत रेंज गेली तरी डाव अडत नाही.

हा खेळ मार्च २०१४ मध्ये गॅब्रिएले चिरुल्ली या १९ वर्षांच्या इटालियन मुलाने एका वीकेंडला बनवला. घरं सोळा. सारखे आकडे एकमेकांवर ढकलायचे, की दुप्पट होतात. टीप हवी? सगळ्यात मोठा आकडा कोपऱ्यात बसवा, तिथून हलू देऊ नका.

आता जरा हिशेब. आकडे जुळले तरी एकूण बेरीज तेवढीच राहते. ती वाढते फक्त नव्या ठोकळ्याने. दहापैकी साधारण नऊ वेळा २ येतो, एकदा ४. म्हणजे चालीमागे सरासरी २.२. २०४८ गाठायला ९३० च्या आसपास चाली! सेकंदाला एक धरली तरी पंधरा मिनिटं. असे चार डाव झाले की तास गेला. उद्या प्रॅक्टिकल असेल तर तो तास नक्की आठवेल.

म्हणून खेळूच नका असं नाही. बसमध्ये बिनधास्त खेळा, उतरलात की टॅब बंद. आणि हो, चिरुल्लीने या खेळाचा कोड सर्वांसाठी खुला ठेवलाय. एखाद्या रविवारी तो उघडून वाचा. वीकेंड त्यानेही घालवलाच की, फक्त खेळण्यात नाही!