फ्रेंच शब्द: अर्थाचे तुकडे वेगळे, उच्चाराचे वेगळे

गोव्यातल्या अनेक शाळांत पर्यायी भाषा म्हणून फ्रेंच शिकवली जाते. मुलांचे शब्द पाठ होतात, पण मोठ्याने वाचताना जीभ अडखळते. याचं एक कारण म्हणजे फ्रेंच शब्दाचे तुकडे दोन तऱ्हांनी पडतात.

पहिली तऱ्हा अर्थाची. 'तेर' म्हणजे जमीन. मूळ लॅटिन 'तेरा'. त्यावरून 'आँतेरे' म्हणजे पुरणे, 'देतेरे' म्हणजे उकरून काढणे, 'आतेरीर' म्हणजे विमानाने जमिनीवर उतरणे. एक मूळ कळलं की अख्खं कुटुंब कळतं.

दुसरी तऱ्हा उच्चाराची. दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन आलं, तर ते पुढच्या स्वराला चिकटतं. 'युतिल' म्हणजे उपयोगी. त्याला नकाराचा 'इन' लागला की होतं निरुपयोगी, पण म्हणायचं इ-न्यु-तिल. मराठी माणसाला हे नवीन नाही. 'अनादर' हा 'अन्' आणि 'आदर' मिळून झाला, तरी आपण अ-ना-दर असंच म्हणतो.

खरी गोम पुढेच आहे. त्याच उपसर्गापुढे व्यंजन आलं, तर साधारणपणे 'न' सुटा ऐकू येत नाही, स्वर नाकातून निघतो. 'कापाब्ल' म्हणजे समर्थ, 'अँकापाब्ल' म्हणजे असमर्थ. लिहिताना मात्र दोन्हीकडे आय आणि एन हीच अक्षरं!

म्हणून नवा शब्द दिसला की अर्थासाठी आधी उपसर्ग बाजूला काढावा. वाचण्यापूर्वी मात्र त्याच्यापुढे स्वर आहे की व्यंजन, तेवढं बघून घ्यावं.