दोन चंद्र दिसणार? आधी अंतराचा हिशोब समजून घ्या



"२७ ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसणार" असा मेसेज बऱ्याच वर्षांपासून फिरतो. तो खोटा आहे. मुळात २००३ साली २७ ऑगस्टला मंगळ पृथ्वीच्या फार जवळ आला होता, ती गोष्ट खरी. तेव्हाच्या मेसेजात दुर्बिणीतून दिसण्याबद्दल लिहिलं होतं. पुढे दुर्बीण गळाली, सालही गळालं, आणि दरवर्षी तोच मेसेज नव्यानं येऊ लागला.

आता हिशोब बघा. चंद्र आपल्यापासून सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. म्हणजे पृथ्वीला साडेनऊ फेऱ्या मारल्या एवढं अंतर. २००३ ला मंगळ होता साडेपाच कोटी किलोमीटरच्या वर, चंद्राच्या जवळपास १४५ पट लांब. मंगळ चंद्राच्या दुप्पट रुंद आहे खरा, पण एवढ्या लांबून तो लाल ठिपकाच दिसणार.

काही शब्द लेकरांनाही सांगा:

🔹 तारा – स्वतःच्या उजेडानं चमकतो. आपला सूर्य हा ताराच.
🔹 ग्रह – ताऱ्याभोवती फिरतो, उजेड उसना. मंगळ, गुरू, शुक्र हे ग्रह.
🔹 उपग्रह – ग्रहाभोवती फिरतो. चंद्र हा पृथ्वीचा उपग्रह.
🔹 नक्षत्र – चंद्राच्या वाटेवरचे तारकांचे २७ टप्पे. ७-८ जूनच्या सुमारास सूर्य मृगात येतो, त्यालाच आपण "मृग निघाला" म्हणतो.
🔹 प्रकाशवर्ष – नावात वर्ष आहे, पण हे अंतराचं माप. उजेड सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो; वर्षभरात जेवढा जाईल ते एक प्रकाशवर्ष, सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर.

चंद्राचा उजेड सव्वा सेकंदात पोचतो, सूर्याचा आठ मिनिटांत. मृगाजवळचा ठळक व्याध तारा साडेआठ प्रकाशवर्षांवर. म्हणजे आज दिसतो तो उजेड साडेआठ वर्षांपूर्वी निघालेला. पुण्याच्या आयुका संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली जाहीर केलेला 'सरस्वती' हा दीर्घिकांचा महासमूह तर ४०० कोटी प्रकाशवर्षांवर आहे.

हे सांगायचं कारण एवढंच, की ऑगस्टात पाणी चढलेलं असतं, ओढही जास्त असते. दोन चंद्र बघायला म्हणून कुणीही रात्री बायका-लेकरं घेऊन होडी पाण्यात घालू नये. आकाश अंगणातूनही तेवढंच दिसतं.

असा मेसेज आला तर पुढं पाठवू नका. शंका असेल तर कमेंटमध्ये विचारा.