नाद करावा, पण पट्टी लावून

प्रश्न तसा साधा आहे. हायवेकडेला ते गोदामासारखं मोठं दुकान आहे ना, जिथनं आपण दरवर्षी बादली, गादी आणि मॅगीचे मोठे पॅक आणतो, तिथं इस्त्री-मिक्सरच्या रॅकशेजारी उकुलेलेचे खोके आलेत. किंमत १,४९९ रुपये. घ्यावं की नाही?

होस्टेलवर विचारलं तर दोन पक्ष पडले. ज्यांना गिटार येते ते म्हणाले, "खेळणं आहे ते, पैसे घालवू नकोस." ज्यांना काहीच येत नाही ते म्हणाले, "घेऊन टाक की, एवढं काय त्यात!" दोघांनीही खोका उघडून बघितला नव्हता. आपण इंजिनीअरिंगवाले. मत देण्याआधी मोजायला काय हरकत आहे? म्हणून हा लेख.

आधी वाद्याची ओळख. उकुलेले दिसायला गिटारचं पिल्लू, पण त्याला चारच तारा. १८७९ साली रॅव्हन्सक्रॅग नावाच्या जहाजातून पोर्तुगालच्या मदेरा बेटावरचे लोक हवाईला उसाच्या मळ्यांत कामाला आले. त्यांच्याबरोबर त्यांच्याकडची छोटी तंतुवाद्यं आली आणि त्यांतल्याच काही सुतारकाम जाणणाऱ्यांनी हवाईत हे वाद्य घडवलं. ऊसतोडीच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला हे नातं पटायला हरकत नाही!

पेटीवाल्यांना त्याचं ट्यूनिंग लगेच कळेल. पांढरी एक हा सा धरला तर चार तारा वरून खाली अशा लागतात: प, सा, ग, ध. गंमत म्हणजे सगळ्यात वरची तार खर्जाची नसते, तो त्याच सप्तकातला पंचम असतो. तारा नायलॉनच्या, त्यामुळे बोटं सोलत नाहीत. आवाज बेताचा, म्हणजे पीएलमध्ये शेजारच्या खोलीतून चप्पल येत नाही. आणि सातारा-सांगली एसटीत वरच्या रॅकवर सॅकशेजारी सहज मावतं. होस्टेलला याहून सोयीचं तंतुवाद्य मला तरी माहीत नाही.

मग अडतंय कुठं? अडतंय पडद्यांवर.

मिरज आपल्यापासून सिटी बसनं अर्ध्या तासावर. तिथल्या शिकलगारांचा मूळ धंदा हत्यारं घडवण्या-परजण्याचा. हत्यारांची मागणी घटली, तेव्हा १८५० च्या सुमारास फरीदसाहेबांनी सतार आणि तंबोरे बनवायला सुरुवात केली. पंढरपूरकडचे भोपळे, तुणीचं लाकूड आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा हात, यावर ते काम आजही चालतं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आता सतारीकडे नीट बघा. तिचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात. सूर हलला तर वाजवणारा पडदा चिमूटभर सरकवतो. तंबोऱ्याला तर पडदेच नाहीत. उकुलेलेचे पडदे मात्र लाकडात खाच पाडून ठोकलेले असतात. कारखान्यात खाच चुकीच्या जागी पडली, तर ती चूक त्या वाद्याबरोबर जन्मभर राहते. तुम्ही कितीही रियाज करा, सूर चुकीचाच लागणार.

ही गोष्ट वाटते तेवढी किरकोळ नाही. माझा रूममेट जतचा. अकरावीत त्याला घरच्यांनी स्वस्तातली गिटार घेऊन दिली होती. सहा महिने झटला, कॉर्ड काही गोड लागेनात. शेवटी "आपल्याला कानच नाही" असं ठरवून त्यानं ती माळ्यावर टाकली. गाणं गुणगुणायचंसुद्धा सोडलं. दिवाळीनंतर मी त्याला ती गिटार आणायला लावली आणि ड्रॉइंगच्या स्टीलच्या पट्टीनं मोजली. नटपासून बारावा पडदा ३२४ मिलिमीटरवर, आणि तिथून घोडी ३१९ वर! बाराव्या पडद्यावरचा सूर पंचवीसएक सेंट चढा, म्हणजे पाव सेमीटोन. त्याचा कान शाबूत होता. चुकीचं वाजतंय हे त्याला ऐकू येत होतं, म्हणूनच तर त्याला ते गोड लागत नव्हतं.

तेव्हा प्रश्न पंधराशे रुपयांचा कमी आणि याचा जास्त आहे. वाईट वाद्य पैसे तर खातंच, वर शिकणाऱ्याचा स्वतःवरचा विश्वासही खातं.

आता मोजायचं कसं ते सांगतो. लागणारं सामान: स्टीलची पट्टी आणि मोबाईलमधलं फुकटचं ट्यूनर.

पहिलं, अर्धं अंतर. तारेची लांबी अर्धी केली की वारंवारता दुप्पट होते, म्हणजे वरचा सा मिळतो. म्हणून नटपासून बाराव्या पडद्यापर्यंतचं अंतर आणि तिथून घोडीपर्यंतचं अंतर जवळपास सारखं हवं. घोडीकडचं एक-दोन मिलिमीटर जास्त असतं आणि ते मुद्दाम ठेवलेलं असतं. तार दाबली की ती किंचित ताणते, सूर चढतो, आणि ही जास्तीची लांबी तो चढ खाऊन टाकते. पण घोडीकडचं अंतर कमी भरलं, किंवा तीन-चार मिलिमीटरनं जास्त भरलं, तर खोका परत.

दुसरं, पहिला पडदा. एका सप्तकाचे बारा समान भाग, म्हणून प्रत्येक पायरीचं गुणोत्तर दोनाचं बारावं मूळ, म्हणजे १.०५९५. यावरून हिशेब निघतो की तारेची पूर्ण लांबी भागिले १७.८१७ एवढ्या अंतरावर पहिला पडदा हवा. लहान म्हणजे सोप्रानो उकुलेलेची लांबी ३४५ मिलिमीटर धरली, तर हे अंतर १९.४ येतं. पूर्ण लांबी म्हणून बाराव्या पडद्यापर्यंतच्या अंतराची दुप्पट घ्या.

तिसरं, ट्यूनर. तार मोकळी लावून घ्या, मग बाराव्या पडद्यावर दाबून वाजवा. दहा सेंटपर्यंत फरक चालेल. वीसच्या पुढे गेला तर सोडून द्या.

चौथं, उंची. बाराव्या पडद्यावर तार आणि पडदा यांत तीन मिलिमीटरच्या आसपास जागा असावी. स्वस्त वाद्यांत ती बऱ्याचदा जास्त असते, कारण घोडी उंच ठेवली की तार कुठं घासत नाही आणि कारखान्यातला तपासणीचा वेळ वाचतो. हा दोष मात्र दुरुस्त होतो.

पाचवं, दांडी डोळ्यासमोर धरून सरळ आहे का बघा, सुतार वासा बघतो तसं. खुंट्या दातेरी गियरच्या असाव्यात. नुसत्या घर्षणावर थांबणाऱ्या खुंट्या नवशिक्याला रडवतात.

दोन गोष्टींना मात्र घाबरू नका. एक, या किमतीत लाकूड प्लायचंच असणार. असू दे. पावसाळ्यात आपल्या खोल्यांत भिंतीला ओल येते, तिथं अखंड लाकडापेक्षा प्लाय जास्त टिकतं. दोन, नव्या नायलॉनच्या तारा पहिला आठवडाभर उतरतच राहतात. मटेरियल्सच्या पेपरला आपण ज्याला क्रीप म्हणून पाच मार्क मिळवतो, तेच हे. रोज लावत राहा, तारा आपोआप स्थिरावतात.

दुकानातली खरी अडचण वेगळीच आहे. खोके सीलबंद असतात. आणि तिथल्या दादांना तांदळाच्या पोत्याचा भाव विचारा, तोंडपाठ. उकुलेलेचं ट्यूनिंग त्यांनी का सांगावं? याउलट साताऱ्यात मी एका वाद्यांच्या दुकानात चौकशी केली. तिथं उकुलेले २,८०० ला होतं. पण मालकांनी तीन वाद्यं हातात दिली, ट्यून करून दिली, आणि "घोडी उंच वाटली तर घासून देतो" असंही सांगितलं. म्हणजे वरचे १,३०० रुपये लाकडाचे नव्हेत, शेवटच्या तासाभराच्या हातकामाचे आहेत. कारखान्यानं तोच तास वगळून किंमत खाली आणलेली असते.

आम्ही काय केलं? रूममेट आणि मी, निम्मे निम्मे पैसे. पट्टी घेऊन गोदामात गेलो आणि सुपरवायझरना विनंती केली, "दादा, सील तुमच्यासमोर उघडतो, मोजतो, नीट असेल तर लगेच बिल करतो." आधी त्यांना हसू आलं, मग ते स्वतःच पट्टी धरायला लागले. पहिल्याची घोडी सरकलेली. दुसऱ्याची दांडी वाकलेली. तिसऱ्याचं सगळं बसलं, फक्त तारा उंच, साडेचार मिलिमीटर. ते घेतलं आणि रविवारी मिरजेला सतारमेकर गल्लीत गेलो. एका चाचांनी उलटसुलट करून बघितलं, घोडीवरची पांढरी पट्टी बाहेर काढली आणि कानशीनं खालून घासली. पंधरा मिनिटांत उंची तीनवर आली. सतारीची जवारी काढणाऱ्या हाताला हे म्हणजे सुट्टीचं काम. पैसे घ्यायला तयार नव्हते, आम्ही आग्रहानं दिले.

तर थोडक्यात निर्णय असा. खोका उघडून मोजू देत असतील, तर १,४९९ चं जरूर घ्या आणि उंचीसाठी थोडे पैसे बाजूला ठेवा. उघडू देत नसतील, पण बदलून देण्याची अट बिलावर लिहून देत असतील, तरी घ्या आणि त्याच दिवशी मोजा. दोन्ही नसेल, तर एक-दोन महिने थांबा, पैसे साठवा आणि वाद्यांच्या दुकानात जा. आणि फक्त गॅदरिंगपुरतं वाजवायचं असेल, तर विकत घेऊच नका, कुणाचं तरी मागून आणा.

रूममेट सध्या तीन कॉर्डवर पोचलाय आणि आंघोळीला जाताना परत गुणगुणायला लागलाय. गिटार अजून कोपऱ्यात उभी आहे. तिची घोडी काढून पाच-सहा मिलिमीटर मागं चिकटवता येईल का, हे चाचांना दाखवून विचारायचं आहे. तोवर कुणाला आपलं जुनं वाद्य मोजून बघायचं असेल, तर पट्टी आमच्या खोलीत आहे. सबमिशनच्या आठवड्यात तेवढी मागू नका!