दोन खड्डे आणि दोन लिटर पाणी

भूम तालुक्यातल्या ईट गावात घर बांधायला काढलं की सेप्टिक टँकची गोष्ट निघतेच. मोठी टाकी म्हणजे पक्कं काम, हा समज आमच्या तालुक्यापुरता नाही. मला तो पटत नाही. टाकी मैला साठवते, जंतूंचा नायनाट करत नाही. तिचं पाणी शोषखड्ड्याऐवजी गटारात सोडलं की रोगजंतू गल्लीत येतात. शिवाय भरली की उपसा आहेच.

दोन खड्ड्यांच्या संडासात जंतू संपवण्याचं काम माती करते. फटी ठेवून रचलेल्या विटांतून पाणी आणि वायू जमिनीत मुरतात, म्हणून वर गॅसपाइपही लागत नाही. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करायचा. बंद खड्ड्यात दीड-दोन वर्षांनी उरतं ते भुसभुशीत, वास नसलेलं सोनखत. आपल्याकडच्या काळ्या मातीत पाणी सावकाश मुरतं, तेव्हा खड्ड्याभोवती वाळू-खडीचा थर हवा.

खरी करामत भांड्याखालच्या वाकड्या नळीत आहे. अलेक्झांडर कमिंग या लंडनच्या घड्याळजीने 1775 साली तिचं पेटंट घेतलं. वाकणात अडलेलं ओंजळभर पाणी खालची दुर्गंधी वर येऊ देत नाही. शहरी भांड्यात हे पाणी 50 मिलिमीटर उंच असतं. ग्रामीण भांड्यात ते 20 मिलिमीटरच ठेवतात आणि भांड्याला तीव्र उतार देतात, त्यामुळे दीड-दोन लिटर पाण्यात काम भागतं. टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला याहून मोलाचा शोध कोणता?

असा संडास खेड्यापाड्यांत रुजवण्यासाठी आयुष्य वेचलं ते कोकणच्या अप्पासाहेब पटवर्धनांनी. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितलं. जातीमुळे ते नाकारलं गेलं, तेव्हा त्यांनी उपोषण केलं आणि येरवड्यातून गांधीजींनीही त्यांना उपोषणाने साथ दिली. माणसाने माणसाचा मैला उचलू नये, या तळमळीतून त्यांनी पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात संडासावर आणि सोनखतावर प्रयोग केले. देहूच्या डॉ. मापुसकरांनी तीच वाट पुढे नेली. त्यांना 2017 मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. अप्पांचं नाव मात्र आपल्या विज्ञानाच्या पुस्तकांत असायला हवं तितकं नाही.

घरी असा संडास बांधणार असाल, तर काम चालू असताना स्वतः उभे राहा. चेंबरमधून दोन्ही खड्ड्यांकडे जाणाऱ्या नळ्यांपैकी एक बंदच हवी. दोन्ही उघड्या राहिल्या तर दोन्ही खड्डे एकदम भरतात आणि खत कधीच तयार होत नाही.